गीतेतील 'यत्' आणि 'तत्' : अन्वयाचा एक पाठ

श्रीमद्भगवद्गीतेचा नित्यपाठ करणारे गृहस्थ पुष्कळ आहेत, आणि अर्थ समजून घेऊन वाचणारेही थोडे नाहीत. परंतु अर्थाच्या शोधात निघालेल्या वाचकाची दृष्टी बहुधा मोठ्या शब्दांवर खिळते. ब्रह्म, आत्मा, कर्म, गुण, श्रद्धा हे शब्द तो कोशात पाहतो, भाष्यात शोधतो, जाणत्यांना विचारतो. 'यः', 'सः', 'यत्', 'तत्', 'एनम्' ही लहान सर्वनामे मात्र तो सहज ओलांडून पुढे जातो. वस्तुतः मोठ्या शब्दांची मोळी बांधणारी दोरी हीच आहे. गाठ चुकीच्या जागी पडली तर प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्याचा अर्थ हातून निसटतो. श्लोकात कोणाविषयी बोलले जात आहे आणि त्याच्याविषयी काय सांगितले जात आहे, हे ठरविण्याचे काम या सर्वनामांकडे असते. म्हणून त्यांचा थोडा स्वतंत्र अभ्यास करणे अगत्याचे आहे.

१. घरच्या भाषेतील 'जो' आणि 'तो'

मराठी माणसाला ही रचना कोणी शिकवावी लागत नाही. 'जो आधी उठेल, तो पाणी भरील' असे घरात म्हटले जाते. यातील 'जो आधी उठेल' एवढेच बोलून वडीलधारे थांबले, तर ऐकणाऱ्याचे मन अडून राहते. पुढच्या 'तो'ची ते वाट पाहते. शास्त्रकारांनी या वाट पाहण्याला 'आकांक्षा' असे नाव दिले आहे. वाक्याचा बोध होण्यास तीन गोष्टी लागतात असे ते सांगतात: एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा, पदांचे अर्थ परस्परांशी जुळणे ही योग्यता, आणि पदे एकमेकांजवळ उच्चारली जाणे हा सन्निधी. 'जो' आणि 'तो' यांच्यामधील आकांक्षा इतकी बळकट आहे, की संस्कृत टीकाकार 'यत्' व 'तत्' यांचा संबंध नित्य मानतात. एक आले की दुसरे असलेच पाहिजे. उच्चारलेले नसेल तर ते बाहेरून आणून, म्हणजे अध्याहाराने, जोडावयाचे.

या जोडीत कामाची वाटणीही ठरलेली आहे. 'जो'चे वाक्य ओळख पटविते, 'तो'चे वाक्य नवे काही सांगते. पहिले उद्देश्य, दुसरे विधेय. 'जो आधी उठेल' हे उद्देश्य. त्यात कोणाचेही नाव नाही, केवळ एक खूण आहे. ती खूण ज्याला लागू पडेल त्याच्या वाट्याला पाणी भरणे येते, मग तो थोरला असो की धाकटा.

नाम कोठे ठेवावे याची मात्र आपल्या भाषांत मोकळीक आहे. 'जे घर नदीकाठी आहे, ते जुने आहे' येथे 'घर' हे नाम पहिल्या वाक्यात आहे. 'जे नदीकाठी आहे, ते घर जुने आहे' येथे तेच नाम दुसऱ्या वाक्यात गेले. दस्तऐवज लिहिणारा 'जे घर… ते घर…' असे दोन्हीकडे लिहितो, कारण त्याला संशयाला जागा ठेवावयाची नसते. चौथा मार्ग असा, की संपूर्ण वाक्यच विशेषण होऊन नामाच्या पुढे बसते: 'नदीकाठी असलेले घर जुने आहे.' इंग्रजीत नाम आधी येते आणि संबंधी वाक्य त्याच्या मागोमाग लागते. त्या व्याकरणाच्या सवयीने वाचणारा संबंधी सर्वनाम दिसताच त्याच्या आधीचे नाम शोधू लागतो. गीतेत तसे नाम पुष्कळदा आधी नसतेच. ते पुढे, 'तत्'पाशी भेटते.

'तो' या सर्वनामाला आणखी एक काम आहे. आधी नाव घेऊन झालेल्या वस्तूचा पुन्हा निर्देश करण्यासही तेच सर्वनाम लागते. येथे घोटाळ्याचा संभव उत्पन्न होतो. 'ज्या मुलाने कुत्रा पाळला, तो पळून गेला' या वाक्यात पळाले कोण? जोडीच्या नियमाने पाहिले तर मुलगा पळाला. व्यवहाराच्या योग्यतेने पाहिले तर कुत्रा. एकच 'तो' दोन दिशांना बोट दाखवितो. 'ज्या मुलाने गाय पाळली' असे म्हटले असते, तर पुढचा 'तो' किंवा 'ती' ऐकताच संशय फिटला असता. मराठी आणि संस्कृत या दोन्ही भाषा अशा वेळी लिंग, वचन व विभक्ती यांचा आधार घेतात. लिंग-वचन सारखे असेल तेथे वाचकाला प्रकरण पाहूनच निर्णय करावा लागतो.

२. अभनपूरच्या परिसरातील साक्ष

हीच अडचण दुसऱ्या एका भाषेने निराळ्या रीतीने सोडविली आहे. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर हे गाव आहे. तेथून एक वाट राजीमला, महानदीच्या संगमावरील राजीवलोचनाच्या मंदिराकडे जाते. हा सारा भाताचा मुलूख, आणि येथील बोली छत्तीसगढी. अभनपूरच्या शासकीय महाविद्यालयास हीरालाल काव्योपाध्याय यांचे नाव दिलेले आहे. धमतरीच्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या या गृहस्थांनी १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून ते १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९२१ साली पंडित लोचनप्रसाद पांडेय यांनी त्याची वाढविलेली आवृत्ती सिद्ध केली. ज्या बोलीला राजदरबारी स्थान नव्हते, तिच्या सर्वनामांची आणि क्रियापदांची रूपे एका शिक्षकाने शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. पुढे २००७ साली छत्तीसगढ राज्याच्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले.

या भाषेत संबंधी सर्वनाम 'जउन' किंवा 'जे', आणि त्याला उत्तर देणारे सर्वनाम 'तउन' किंवा 'ते'. 'जउन बोही, तउन लूही', म्हणजे जो पेरील तो कापील. येथवर मराठीशी तिचे पूर्ण साम्य आहे. परंतु आधी नाव घेतलेल्या वस्तूचा साधा पुनर्निर्देश करावयाचा असेल, तर तेथे 'ओ' हे निराळे सर्वनाम आहे. 'जउन किसान ह धान बोइस, तउन ह ओला लूइस' या वाक्यात 'तउन' म्हणजे तो शेतकरी आणि 'ओला' म्हणजे ते धान. मराठीत हेच वाक्य 'ज्या शेतकऱ्याने भात पेरले, त्यानेच ते कापले' असे होईल. 'त्याने' आणि 'ते' ही दोन्ही एकाच सर्वनामाची रूपे आहेत; त्यांना वेगळे ओळखता येते ते लिंग आणि विभक्ती यांमुळे. छत्तीसगढीत व्याकरणातील लिंगभेद मराठीसारखा चालत नाही. म्हणून तिने कामे वाटून दिली: 'जउन'ला उत्तर देण्याचे काम मुख्यतः 'तउन'चे, मागच्या वस्तूकडे बोट दाखविण्याचे काम 'ओ'चे. वाक्याच्या ओघात 'जउन'ला 'ओ'नेही उत्तर मिळू शकते, परंतु 'तउन' कानी पडला की मागे कोठेतरी 'जउन' आहे ही जाणीव ऐकणाऱ्याला होते.

रायपूर आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला आणि १८५४ पर्यंत त्या राज्याशी या प्रदेशाचा संबंध राहिला. पुढे 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली काढणारे पंडित माधवराव सप्रे रायपुरातच राहिले आणि १९२६ साली तेथेच निवर्तले. मातृभाषा मराठी असलेल्या या लेखकाने समर्थांचा दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. मराठीचा 'तो', हिंदीचा 'वह', आणि भोवतीच्या शेतकऱ्यांच्या तोंडचा 'तउन' या तिन्हींच्या शेजारात वावरणाऱ्या माणसाला सर्वनामाची गाठ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. गीतेच्या अभ्यासकालाही हा कान उपयोगी पडतो. श्लोकात 'सः' अथवा 'तत्' आले की त्याने स्वतःस विचारावे: हा 'तउन' आहे की 'ओ'? म्हणजे, हा एखाद्या 'यत्'ला दिलेला जबाब आहे, की पूर्वी आलेल्या नामाचा नुसता पुनरुल्लेख?

३. गीतेतील जोड्यांचे प्रकार

एकास एक ही सर्वांत सोपी जोडी. पाचव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात सांख्यांना जे स्थान मिळते तेच योग्यांनाही मिळते असे सांगितले आहे. तेथे 'स्थान' हे नाम 'यत्'च्या वाक्यात आहे. पंधराव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात, जेथे गेल्यावर परत येणे नाही त्या धामाचे वर्णन आहे. तेथे 'धाम' हे नाम 'तत्'च्या बाजूस आहे. वर घराच्या उदाहरणात जी मोकळीक दिसली, तीच ही होय.

अनेक 'यत्' आणि एकच 'तत्' हा दुसरा प्रकार, आणि गृहस्थाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. नवव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात 'यत्' पाच वेळा येते: करणे, खाणे, हवन करणे, देणे आणि तप करणे या पाच क्रियांबरोबर. त्यानंतर 'तत्' एकदाच येते आणि ते सर्व भगवंताला अर्पण करावे असे सांगते. एखादा वाचक हे 'तत्' जवळच्या, म्हणजे शेवटच्या 'यत्'शीच जोडील, तर केवळ तप तेवढे अर्पण करावयाचे ठरेल. मग स्वयंपाकघर, शेत, दुकान, कचेरी ही सारी अर्पणाच्या बाहेर पडतील. पण प्रत्येक 'यत्'ला 'तत्'ची आकांक्षा आहे आणि तत् एकच आहे; तेव्हा त्या एकाच 'तत्'ने पाचांनाही सामावून घेतले पाहिजे. जेवण आणि हवन या दोहोंना व्याकरणाने एकाच दावणीला बांधले आहे. गृहस्थाचे भोजन अर्पणातून वगळण्यास श्लोकाच्या रचनेत जागाच नाही.

अठराव्या अध्यायाचा सेहेचाळिसावा श्लोक याच जातीचा आहे. ज्याच्यापासून भूतांची प्रवृत्ती होते आणि ज्याने हे सर्व व्यापिले आहे, अशी दोन संबंधी वाक्ये तेथे आहेत. एकात पंचमी, दुसऱ्यात तृतीया. दोघांना उत्तर एकाच 'तम्'चे, आणि ते द्वितीयेत. संबंधी सर्वनामाची विभक्ती त्याच्या स्वतःच्या वाक्यातील कामावरून ठरते, उत्तर देणाऱ्या सर्वनामाची त्याच्या वाक्यातील कामावरून. दोहोंत मेळ हवा तो लिंग आणि वचन यांचा. हा नियम ध्यानात ठेवला की विभक्ती भिन्न दिसल्या तरी अर्थ एकाच वस्तूचा आहे हे कळते, आणि आपापल्या कर्माने ज्याची पूजा करावयाची तो कोण, हे स्पष्ट होते.

वचन पाहिल्याने अर्थ कसा उजळतो याचे उदाहरण दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकात आहे. आत्म्याला मारणारा समजणारा एक, आणि मेलेला समजणारा दुसरा, असे दोन 'यः' तेथे येतात. उत्तर देताना 'सः' न येता 'तौ' हे द्विवचन येते: त्या दोघांनाही कळलेले नाही. मारणाऱ्याचा अहंकार आणि मरणाऱ्याचे भय या दोन भिन्न चुका आहेत, एकाच माणसाच्या दोन बाजू नव्हेत, हे त्या द्विवचनाने दाखविले. याउलट बाराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही, ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, आणि जो हर्ष, क्रोध, भय यांतून सुटला आहे, अशा तीन खुणा येतात आणि उत्तर मात्र एकवचनी 'सः'. तिन्ही खुणा एकाच माणसाच्या अंगी हव्यात. कोणालाही दुखवीत नाही एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने, आपणही लोकांमुळे दुखावले जात नाही ना, हे पाहिले पाहिजे.

सर्वनामाची द्विरुक्ती हा आणखी एक प्रकार. तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात श्रेष्ठ मनुष्याच्या आचरणाविषयी 'यत्' दोनदा आणि 'तत्'ही दोनदा येते. मराठीत 'जे जे… ते ते…' म्हणावे तसे. या दुहेरीपणाने व्याप्ती साधते: एकही आचरण सुटत नाही. घरातील वडील माणसाने मुलांनी आपले अमुक पाहावे आणि अमुक पाहू नये अशी निवड करू म्हटले, तरी ती निवड त्याच्या हाती राहात नाही. याच श्लोकाच्या उत्तरार्धातील 'सः' हा मात्र जबाब नव्हे. पूर्वार्धातील श्रेष्ठ मनुष्याकडे तो वळून पाहतो. तो 'ओ'च्या जातीचा आहे. तेथील 'यत्' व 'प्रमाणम्' ही पदे वेगळी घ्यावी की समास मानावा, यावरही भाष्यकारांत भेद आहे. श्रीशंकराचार्य ती वेगळी घेतात: श्रेष्ठ ज्याला प्रमाण मानतो त्याच्या मागे लोक जातात. श्रीरामानुजाचार्य समास मानतात: श्रेष्ठ जेवढ्या अंगांनी कर्म करतो तेवढ्याच अंगांनी लोक ते करतात. दोन पदांमधील जागा राहिली की नाही एवढ्यावर अर्थ पालटतो.

एकाच वाक्यात दोन जोड्या गुंफणे हीही आपल्या भाषांची शक्ती आहे. चौथ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात 'ये' आणि 'यथा' ही दोन्ही पदे एका वाक्यात आहेत, आणि उत्तरात 'तान्' व 'तथा'. कोण येतो आणि कसा येतो, या दोन्ही जागा मोकळ्या ठेवून दोहोंना एकदम उत्तर दिले आहे. इंग्रजीत असे एक वाक्य सरळ रीतीने बांधता येत नाही. मराठीत मात्र 'ज्याने जे मागितले, त्याला ते दिले' असे मूलही बोलते.

कधी जोडीतील एक पद उच्चारलेलेच नसते. नवव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात पान, फूल, फळ, पाणी भक्तीने देणारा 'यः' आहे, पण पुढे त्याला उत्तर देणारे 'तस्य' नाही. 'शुद्ध चित्ताच्या मनुष्याचे' अशा अर्थाचे षष्ठ्यन्त विशेषण आहे, त्याला धरून 'तस्य' मनात आणावे लागते. उच्चारलेले 'तत्' दिलेल्या वस्तूकडे बोट दाखविते. वस्तू चार सांगितल्या, सर्वनाम मात्र एकवचनी नपुंसक: त्यांपैकी जे काही दिले असेल ते. पाण्याची ओंजळ देणाऱ्याला फळ आणावयास परत पाठविलेले नाही.

लिंग सारखे असल्यामुळे अर्थ द्विधा होण्याचे स्थळ सातव्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात आहे. ज्या ज्या भक्ताला ज्या ज्या मूर्तीची श्रद्धेने पूजा करावयाची असते, त्याची श्रद्धा भगवंत अढळ करतो, असे तेथे सांगितले आहे. मूर्तिवाचक 'तनु' हा शब्द स्त्रीलिंगी, 'श्रद्धा'ही स्त्रीलिंगी. मग 'ताम्' कोणाकडे जाईल? श्रद्धेचे विशेषण मानले तर 'तीच श्रद्धा' असा अर्थ होतो. आधीच्या द्विरुक्त 'याम्'चे उत्तर मानले तर 'त्याच मूर्तीच्या ठायी' असा होतो. व्याकरणाला दोन्ही मान्य आहेत. कोणत्याही रीतीने लावले तरी भक्ताने निवडलेल्या रूपापासून त्याला ओढून काढलेले नाही, हा भाव दोन्हीकडे टिकतो.

४. 'एनम्' आणि अन्वादेश

पुनर्निर्देशासाठी संस्कृतात एक खास रूप आहे. एखाद्या गोष्टीविषयी एकदा काही सांगून झाल्यावर तिच्याचविषयी दुसरे काही सांगण्यासाठी तिचा पुन्हा उल्लेख करणे, याला 'अन्वादेश' म्हणतात. अशा वेळी 'इदम्' आणि 'एतद्' या सर्वनामांच्या काही विभक्तींत 'एन' हे रूप योजावे असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून 'एनम्' हे पद कानी पडताच विषय नवा नाही, मागचाच चालू आहे, हे समजते.

दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे निरूपण चालू असता हे पद वारंवार येते. तेविसाव्या श्लोकात ते तीन वेळा आहे: शस्त्रे, अग्नी आणि पाणी यांच्या वाक्यांत. चौथ्या, वाऱ्याच्या वाक्यात ते उच्चारलेले नाही आणि वाचक ते आपोआप पुरवितो. या 'एनम्'चे नाम शोधावयाचे तर मागे जावे लागते. बाविसाव्या श्लोकात 'देही' आहे, अठराव्यात 'शरीरी' आहे. देह असलेला तो देही. तेव्हा ज्याला शस्त्र तोडीत नाही तो देह नव्हे, देहाचा धनी होय. हा दुवा सुटला तर वाचक वचन देहालाच लावतो आणि जखमेचे दुःख खोटे आहे असे दुसऱ्याला सांगू लागतो. शोकाकुल घरात जाऊन हा श्लोक म्हणणाऱ्याने 'एनम्' कोणाला उद्देशून आहे हे आधी नीट जाणलेले बरे.

५. नवव्या अध्यायाचा बत्तिसावा श्लोक

आतापर्यंतच्या नियमांची खरी कसोटी या श्लोकात लागते. समाजाच्या व्यवहाराशी त्याचा फार जवळचा संबंध आला आहे.

त्यातील पदांचा क्रम असा आहे. प्रथम 'माझा आश्रय करून' या अर्थाचे धातुसाधित. मग 'ये' आणि 'अपि', त्यांच्याबरोबर 'स्युः' हे क्रियापद आणि 'पापयोनयः' हे पद. त्यानंतर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र ही नामे, त्यांत 'तथा' हे अव्यय. शेवटी 'ते' आणि पुन्हा 'अपि', आणि परम गतीस जातात हे विधान. प्रश्न असा, की 'ये'चे वाक्य कोठे संपते? मधली तीन नामे 'पापयोनयः' या पदाचे स्पष्टीकरण आहेत, की त्याहून वेगळा गट आहे?

श्रीशंकराचार्यांनी पहिला अन्वय केला. पापयोनी कोण, तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, असे त्यांचे भाष्य सांगते. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात हा अन्वय स्वीकारला नाही. 'पापयोनी' हा स्वतंत्र वर्ग असून स्त्रिया, वैश्य, शूद्र यांचा निर्देश त्याहून वेगळा आहे असे त्यांनी म्हटले, आणि त्या काळी सरकारदरबारी जन्मतः गुन्हेगार गणल्या जाणाऱ्या जमाती त्या शब्दाने सुचविल्या. गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झाले. माधवराव सप्रे यांच्या भाषांतराने हा विचार हिंदी वाचकांपर्यंत गेला. जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा तो १८७१ चा कायदा पुढे १९५२ साली रद्द झाला. कोणत्या माणसांनी 'ये'ची जागा भरावयाची हे सांगताना टीकाकाराचा काळ त्याच्या टीकेत कसा उतरतो, हे यावरून दिसते.

व्याकरणाच्या बाजूने पाहता दोन्ही अन्वय शक्य आहेत. तीन नामे लगोलग आल्याने ती स्पष्टीकरण वाटू शकतात. उलट 'स्युः' हे क्रियापद पहिल्याच गटाबरोबर येऊन गेल्याने आणि 'तथा'ला 'आणि' असा अर्थ असल्याने ती वेगळीही घेता येतात. परंतु वाद आहे तो सगळा उद्देश्याच्या भागात. विधेयाच्या भागात वाद नाही. गट एक माना की दोन माना, 'ते' हे बहुवचन सर्वांना कवेत घेते, आणि त्या सर्वांविषयी एकच गोष्ट सांगते.

आणखी दोन खुणा निर्णायक आहेत. 'आश्रय करून' या धातुसाधिताचा कर्ता मुख्य क्रियापदाचा जो कर्ता तोच असतो, असा संस्कृताचा नियम आहे. म्हणजे जे आश्रय करतात तेच परम गतीस जातात. गतीचे कारण आश्रय. जन्म मात्र 'अपि'सह आला आहे. 'जरी', 'सुद्धा' या अर्थाचे हे अव्यय ज्याला चिकटते ते अडसर ठरत नाही, हेच त्याचे सांगणे. मराठीत 'पाऊस पडला तरी तो आला' असे म्हणणारा पावसाचे वर्णन करीत नसतो. पावसाने येणे अडले नाही एवढेच सांगत असतो. तसेच येथे आहे. या श्लोकाचा उपयोग कोणाला हीन ठरविण्यासाठी करणे म्हणजे उद्देश्याला विधेय समजणे होय.

मीमांसकांचा ग्रहैकत्वन्याय येथे दृष्टी देतो. यज्ञातील 'ग्रह' नावाचे पात्र पुसावे असे एकवचनी विधान आहे. म्हणून एकच पात्र पुसावे काय? मीमांसक म्हणतात, नाही. पात्र हे उद्देश्य आहे, आणि उद्देश्याला जोडून आलेले एकवचन अभिप्रेत नसते; सगळीच पात्रे पुसावयाची. विधानाचे तात्पर्य विधेयात शोधावे, उद्देश्याच्या विशेषणांत गुंतू नये, हा त्यातील बोध आहे.

श्रीज्ञानदेवांनी १२९० साली नवव्या अध्यायाच्या या स्थळी ओहोळ आणि गंगा यांचा दृष्टांत योजिला. गंगेला मिळेपर्यंतच ओहोळाचे नाव वेगळे. आणि ज्या जातींचे वेगळेपण असे तेवढ्यापुरतेच राहते, त्यांच्या यादीत त्यांनी मूळ श्लोकात नसलेल्या क्षत्रियांची आणि अंत्यजांचीही नावे घातली. 'ये'चा दरवाजा किती रुंद आहे हे त्यांनी 'ते'कडे पाहून ठरविले. अन्वयाचा धागा ज्याने सोडला नाही, त्याला यादी वाढविण्याचे भय वाटत नाही.

६. स्वाध्यायाची रीत

श्लोक वाचताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम 'य'ने आरंभ होणारी सर्वनामे व अव्यये वेगळी लिहावी: यः, यत्, ये, येन, यदा, यथा, यत्र. त्यांच्यापुढे 'त'ने अथवा 'स'ने आरंभ होणारी उत्तरे मांडावी. उत्तर कमी पडले तर अध्याहार करावा. जास्त झाले तर ते जास्तीचे पद मागील कोणत्या नामाकडे वळते ते शोधावे. मग लिंग व वचन जुळते का ते पाहावे. विभक्ती भिन्न असेल तर अडू नये. शेवटी दोनच ओळी लिहाव्या: 'कोणाविषयी' आणि 'काय'. दुसरी ओळ हे श्लोकाचे सांगणे.

ही रीत घरातील सर्वांनी मिळून करण्यासारखी आहे. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनी मराठी अर्थातील 'जो–तो' घेऊन तीच मांडणी करावी. छत्तीसगढी, हिंदी अथवा अन्य भाषा बोलणारे शेजारी असतील, त्यांच्या भाषेत त्याच वाक्याला कोणते सर्वनाम लागते ते विचारावे. एका भाषेत झाकलेला दुवा दुसऱ्या भाषेत उघड दिसतो.

अभ्यासासाठी काही प्रश्न:

(१) तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या व सातव्या श्लोकांत दोन निराळे 'यः' आणि त्यांचे दोन 'सः' आहेत. दोघांत नेमका भेद कोणत्या पदांनी केला आहे?

(२) सहाव्या अध्यायाच्या तिसाव्या श्लोकात एका 'यः'ला 'तस्य' आणि 'सः' अशी दोन उत्तरे आहेत. एकच उत्तर असते तर कोणता अर्थ हरपला असता?

(३) सतराव्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात 'श्रद्धा' स्त्रीलिंगी असता शेवटी 'सः' हे पुल्लिंगी सर्वनाम दोनदा येते. त्यांतील प्रत्येक 'सः' कोणाचा वाचक आहे?

(४) बाराव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकापासून विसाव्यापर्यंत 'प्रिय' म्हटलेल्यांच्या खुणा मांडाव्या. त्यांत कुळाची, धनाची किंवा आश्रमाची खूण कोठे आहे काय, ते पाहावे. नसेल, तर तेथील 'जो'ची जागा कोणासाठी मोकळी ठेवली आहे, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.